सातखारच्या तरीचा दोर कोणी सोडला

जबाब. ता. १९ नोव्हेंबर १९७४. पोलीस ठाणे, भिवंडी.

नाव : केसरीनाथ नामा तरे. वय : अंदाजे एकसष्ट. धंदा : सरकारी पेन्शनर, पूर्वी तरीवर तांडेल. राहणार : मौजे सातखार, तालुका भिवंडी.

मी समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, वरील गावी मी पत्नी रंगूबाई हिच्यासह राहतो. सातखारच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे जाण्यासाठी पूर्वी सरकारी तर, म्हणजे माणसे नेणारी मोठी होडी, चालत असे. त्या तरीवर सुकाणू माझ्याकडे होते. पुढे नाळेवर वल्ह्याला राघो लडकू भोईर हा खलाशी होता. तो माझ्याच आळीत राहतो. ही तर ठेकेदाराकडून बांधकाम खात्याने ताब्यात घेतली त्या दिवशी आम्ही दोघेही कामावर होतो आणि तर बंद झाली त्या दिवशीही दोघेच होतो. मधल्या काळात तिसरा माणूस खात्याने दिला नाही.

खाडीवर पूल झाला, एस.टी. सुरू झाली, तेव्हा तर बंद केली. त्या दिवशी उपअभियंता साहेब धक्क्यावर आले होते. मला पेन्शनचा हुकूम दिला. राघोने विचारले, "सायेब, मी उद्यापास्नं कुठं येऊ?" साहेब म्हणाले, "कुठेच येऊ नका." राघो वल्हे धुऊन घरी गेला.

मला पेन्शन आणि राघोला का नाही, याचे कारण खात्याने असे सांगितले की, तांडेलाची जागा कायम होती व खलाशाची रोजंदारीची. शिवाय राघोची नोकरी सलग नाही. याबाबत माझे सांगणे असे की, दरवर्षी पावसाळ्यात खाते त्याला काही दिवस कागदावर कमी करी व पुन्हा घेई. त्या दिवसांतही तो कामावर असे. भरतीच्या पाण्यात एकट्या माणसाने तर पलीकडे जात नाही, हे साहेबांना माहीत होते. साहेब स्वतः त्या दिवसांत तरीतून गेलेले आहेत.

यानंतर आम्ही दोघे ठाण्याच्या कचेरीत पुष्कळ वेळा गेलो. अर्ज दिले. एकदा साहेब दौऱ्यावर होते, एकदा कागद मुंबईला गेला होता, एकदा नवीन नमुन्यात अर्ज करा म्हणाले. शेवटी तेथील कारकुनाने सांगितले, "पेन्शन हुद्द्याला असते, माणसाला नसते." राघो म्हणाला, "मंग जेवतो कोन? हुद्दा?" त्यावर शिपायाने आम्हाला बाहेर बसविले. त्यानंतर तो कचेरीत गेला नाही. मी एकटा दोनदा गेलो. मला विचारले, "तुमचे चालू आहे ना? मग तुम्ही कशाला येता?"

राघो नारपोलीला लूमच्या कारखान्यात कापडाचे तागे उचलायला जात असे. गेल्या उन्हाळ्यात तेथे पडून त्याचा उजवा खांदा गेला. आता त्याची बायको ठमाबाई मिठागरावर जाते. माझ्या पेन्शनीतून काही घे, असे मी त्याला एकदा म्हणालो. तो म्हणाला, "सरकारनं दिलं तर ती माजी कमाई. तू दिलंस तर भीक." त्यानंतर माझ्या पेन्शनीच्या दिवशी तो आमच्या ओटीवर येत नाही. इतर दिवशी येतो.

काल खात्याने जुन्या तरीचा धक्क्यावर लिलाव ठेवला होता. नारपोलीचे कारखानदार अब्दुल हक मोमीन यांनी लाकडासाठी ती बोलीत घेतली. त्यांचे मजूर कुऱ्हाडी घेऊन आले तेव्हा राघो तरीत नाळेवर बसलेला होता. तो सकाळपासूनच तेथे होता असे लोक म्हणाले. मोमीन यांनी त्याला सांगितले, "चाचा, नीचे उतरो. मैंने पैसा भरा है." राघो म्हणाला, "तुमसे झगडा नहीं है शेठ. मेरा हिसाब साहब से है." त्याने कोणावर हात उगारला नाही. शिवी दिली नाही.

साहेबांनी मला घरून बोलावून घेतले. म्हणाले, "तांडेल, तुम्ही सरकारचे पेन्शनर आहात. त्याला उतरवा. नाहीतर तुम्हालाही जड जाईल." मी तरीत उतरलो. राघोला बाहेर काढावे याच इराद्याने मी उतरलो होतो, हे खरे आहे.

राघो मला म्हणाला, "केसू, तुला धाडलं काय?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मंग धर माजा हात आन् काढ. तू काढलास तर येतो मी." त्याने हात पुढे केला. तो उजवा हात होता. तो खांद्याच्या वर जात नव्हता.

त्या वेळी साहेब धक्क्यावरून मोठ्याने म्हणाले, "बघता काय? खेचा त्या खलाशाला!" इतक्या वर्षांत साहेबांनी त्याचे नाव कधी घेतले नव्हते. कालही घेतले नाही. मी राघोचा हात धरला नाही. मागे गेलो व तर बांधलेला दोर सोडला. का सोडला, असे विचारले असता सांगतो की, मला राग आला होता. त्याशिवाय दुसरे कारण नाही. कोणी मला शिकविले नाही. मी दारू पीत नाही.

ओहोटी लागलेली होती. तर लगेच धक्क्यापासून सुटली. वल्ही आधीच वेगळी विकलेली होती, त्यामुळे आमच्या हातात काही नव्हते. उन्हात पडून तरीच्या फळ्या उकललेल्या होत्या, पाणी आत येऊ लागले. राघो डाव्या हाताने डब्याने पाणी काढीत होता. सुकाणू मी धरले होते, पण त्याने तर वळत नव्हती. पुलावर एस.टी. थांबली व लोक खाली उतरून बघू लागले. कोणी टाळ्या वाजविल्या. आम्ही वर पाहिले नाही. पुलाच्या खांबाला नाळ आपटली व पुढची फळी फुटली. नंतर तर पलीकडच्या खाजणात चिखलात रुतली.

भरती येऊन पोलिसांची होडी पोहोचेपर्यंत आम्ही तेथेच बसून होतो. त्या वेळात आम्हा दोघांत जे बोलणे झाले त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही, म्हणून ते सांगत नाही.

काठावर मोमीन शेठ उभे होते. त्यांनी राघोला विडी दिली. म्हणाले, "मुझे लकडी चाहिए थी चाचा, किसी का घर नहीं तोडना था." त्यांनी तक्रार द्यायला नकार दिला. तक्रार खात्याने दिली आहे. तर अजून पूर्ण ताब्यात दिलेली नसल्याने ते सरकारी मालमत्तेचे नुकसान होते, असे खात्याचे म्हणणे आहे.

आज सकाळी या पोलीस ठाण्याच्या ओट्यावर आम्ही दोघे बसलो असता खात्याचे कारकून पंढरी दामले मला भेटले. त्यांनी सांगितले की, पेन्शनरची वागणूक चांगली राहावी लागते. गुन्हा शाबीत झाला तर पेन्शन थांबू शकते. ते म्हणाले, "दोर राघोने सोडला असे सांगा. तुम्ही त्याला वाचवायला गेलात. साहेबही तसेच म्हणतील. आम्हाला तुमचे वाईट करायचे नाही." ते चांगल्या मनाने बोलले असतील.

राघो जवळच होता. तो मला म्हणाला, "सांग तसंच. मी जमादारांना सांगून आलो, दोर मीच सोडला. माजं काय बंद करतील? मना हाय काय? रंगूबायचा विचार कर." मी त्याला गप्प बस म्हणालो. तो म्हणाला, "येकदा तरी मना कायतरी देऊ दे."

जमादार साहेबांनी मला विचारले की, राघोने जबाबात दोर स्वतः सोडल्याचे लिहून दिले आहे, तुमचे काय म्हणणे आहे? त्यावर सांगतो की, ते खोटे आहे. राघो नाळेवर होता, दोर मागच्या बाजूस होता, आणि त्या खांद्याने त्याला ती गाठ सुटली नसती. दोर मी सोडला. राघोला पेन्शन नाही, याचा फायदा आजवर खात्याने घेतला. तो मी घेणार नाही. माझी थांबवायची असेल तर थांबवावी. खरे तेच सांगणार, हे रंगूबाईला मी घरून निघतानाच सांगून आलो आहे. तिने राघोसाठीही भाकरी बांधून दिली.

हा जबाब जमादार साहेबांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखविला. मी सांगितले तेच लिहिले आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. राघो लडकू भोईर याचा जबाब यापेक्षा वेगळा असेल, तर माझा खरा धरावा.

सही : केसरीनाथ नामा तरे