लाल आकड्यांचा डबा

नाय नाय साहेब, तो डबा बाकावरच राहू द्या, माझ्या मिलिंग मशीनवर नको—शेट म्हनले 'नामदेव, बघून घे', म्हनून बघतो, बाकी गरज नाय मला. काय, क्विलला लावायचा? क्विल म्हनजे काय ते तरी ठावं हाय तुमाला? ही बघा, ही जाडी नळी—हँडल वढला का कटर घेऊन खाली येते. किती खाली आली तेवढं तुमचा डबा सांगनार. वा! एकाहत्तरपासून या पावन्याच्या एमआयडीसीत हाय मी, माझा हात सांगतो ते.

खोली कशी धरतात, सांगू? कटरखाली कागदाचा कपटा धरायचा, क्विल हळू सोडायची, कपटा चिमटला का डायलवर शून्य. मग पाच मिलिमीटर खाली, आनि लगेच लॉक—नायतर धक्क्यानं सरकते. क्विलला ठरल्या खोलीवर अडवनाऱ्या स्टॉपरच्या नटवर इस्वास ठेवनारा तर गाढवच, थरथरीनं ढिला होतो तो. कॉलेजात सांगितलं नसंल.

बरं, लावा एकदा, फिटू द्या तुमची हौस. हा कपटा... हे शून्य... हे घ्या, पाच. काय? साडेपाच? डबा खोटा हाय तुमचा! डायल बघा ना—मी कशाला बघू, तुमीच बघा. तीबी साडेपाच म्हनते? मग उजेड कमी पडतो इथं. चष्मा? चष्म्याचं नाव काढू नका—लेथवरच्या किसननं लावला तर दुसऱ्या दिवशी त्याला खोकी बांधायला बसवलं. पंधरा वर्षं लेथवर मुरलेला कारागीर, खोकी बांधतोय! बारीक रेघा नाय दिसल्या तर नाय दिसल्या, अंदाज हाय ना माझा.

आता परवा माझ्या पाळीत बारा नग अर्धा मिलिमीटर जास्ती खोल गेले, ती गोष्ट येगळी. खोल गेलेलं भरून येत नाय, गेले भंगारात. शेट भडकले. मी म्हनलं, दुपारपाळीच्या भगवाननं स्टॉपर ढिला ठेवला असंल. असंल म्हनलं हां—ठेवलाच, असं नाय म्हनलं. त्यांनी घरी बसवला त्याला, त्यात माझं काय? घनसोलीचाच हाय, शेजारच्या गावचा. त्याची बायको सुमित्राबाई आली होती गेटवर, मला इचारत—मी मागच्या दारानं जेवायला गेलो.

काय बघता असं? काय बोललो मी? काय नाय बोललो.

किती लांबून दिसतात हो हे लाल आकडे? थांबा, इथून बघतो... पाच... पॉइंट... पाच, दोन. दिसतात. चांगले दिसतात.

नको. काढा तो. उद्या शेट इथं उभे राहतील, मी पाच म्हनेन आनि हा सगळ्यांसमोर साडेपाच दाखवंल. मग भगवानला कुठल्या तोंडानं... शेटना सांगा, मशीन जुनं हाय, बसत नाय त्याच्यावर. वायर गुंडाळा. आनि तो कपटा द्या इकडं—निघा आता, माझा माल खोळंबलाय.