दुपारचे फोन

(फोनवर. तो, आणि त्याच्या बायकोची धाकटी बहीण.)

मेहुणी: भावोजी, दहा मिनिटं झाली, तुम्ही माझ्या गुडघ्यांचीच चौकशी करताय. ताई जाऊन सात वर्षं झाली, आपणहून केलेला हा तुमचा पहिला फोन. काय झालंय?

भावोजी: विशेष नाही. उद्या प्रोस्टेटचं तिसरं इंजेक्शन आहे. घ्यावं की सोडून द्यावं, विचारात पडलोय.

मेहुणी: सोडून द्यावं? अहो, कॅन्सर त्यानंच आटोक्यात आहे ना?

भावोजी: आहे. पण ते पुरुषाचं हार्मोनच बंद करतं. मग म्हणे शरीराचा उष्णतेचा अंदाज चुकतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्त वर धावतं. छाती, मान, तोंड... गरम लाटच येते. मागोमाग घामाच्या धारा. तीन पुस्तकं वाचली त्यावर.

मेहुणी: तुम्ही वाचणारच.

भावोजी: परवा वाचनालयात झालं. तोंड लालबुंद. सगळे बघायला लागले. तेव्हापासून बाहेर पडलो नाही.

मेहुणी: हे तर आम्हा बायकांचं पन्नाशीतलं दुखणं हो.

भावोजी: म्हणूनच... हिलाही व्हायचं ना? काय करायची ती?

मेहुणी: मला विचारताय? तिच्याबरोबर राहत तुम्ही होतात.

भावोजी: मी वाचत बसायचो. ती पंखा वाढवायची, मी कमी करायचो. पानं उडतात म्हणून.

मेहुणी: माहीत आहे.

भावोजी: बोलली होती?

मेहुणी: तक्रार म्हणून नाही. दुपारी बाथरूममध्ये जायची, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायची आणि मला फोन लावायची.

भावोजी: मला वाटायचं, तुमच्या गप्पा चालल्यात.

मेहुणी: कसल्या गप्पा! चकार शब्द नाही. मी इकडे भाजी निवडायचे, ती ऐकत बसायची. ओसरलं की ‘ठेवते गं’ म्हणायची.

भावोजी: आणि मी पलीकडच्या खोलीत.

मेहुणी: ते राहू द्या आता. उद्या मुकाट्यानं इंजेक्शन घ्यायचं. ऐकताय ना? ...भावोजी?

भावोजी: घेईन. पण... आलीय बघ. आत्ताच. मानेपर्यंत.

मेहुणी: मग बसा खाली. बोलू नका काही. फोन ठेवू नका. मी कपड्यांच्या घड्या घालतेय.