चौथा दिवा

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या मार्तानं एक गोष्ट पाहिली. म्हातारे मास्तर दारातून आत येताना दिसले, तशी एक साठीची बाई खिडकीशी गेली आणि नाताळच्या सात विजेच्या दिव्यांच्या कमानीतला एक दिवा तिनं हळूच ढिला केला. सगळी कमान विझली. बाई जागेवर येऊन बसली, तसे मास्तर तिच्याच शेजारी टेकले.

“सातही एकदम जात नसतात, बाई. एखादाच ढिला असणार. एकानं हात सोडला, की वीज पुढं जात नाही. सगळ्यांचा अंधार!”

“तुम्हीच शिकवलंत, मास्तर.”

“तुम्हाला? काहीतरीच! माझ्या शाळेत सातच पोरं, आणि खिडकीत अशीच कमान. सकाळी आलं, की ज्यानं त्यानं आपापला दिवा घट्ट करायचा.”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

“तर अंधार. एका पोरीला गोवर निघाला, अकरा दिवस खिडकी काळी! तपासनीस म्हणाले, तिचा दिवा तुम्हीच लावा की. म्हटलं, हात लावून बघा फक्त!”

“कोण होती ती?”

“चौथा दिवा. तोंडाची टकळी नुसती. नाव... नाव गेलं बघा.”

बाई उठली. तिनं चौथा दिवा फिरवून घट्ट केला. सातही लागले.

मास्तरांनी दिव्यांवरून नजर तिच्याकडे वळवली.

“बरी झालीस का गं, सोल्वेग?”