तिसऱ्या तळ्यातले तेल

जबाब देणार: फिर्यादीची सासू. वय: अठ्ठावन्न. धंदा: खेकडापालन. राहणार: फिर्यादीच्या तळ्यांना लागून, बांधाच्या अलीकडे.

पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, कोणी न ओढता सांगते ती अशी की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते व खेकडे पाळते. बांधापलीकडची तीन तळी माझ्या जावईबापूंची आहेत. माझी एकुलती एक मुलगी त्यांना दिलेली आहे. आमचे संबंध चांगले आहेत, म्हणजे काल सकाळपर्यंत होते.

जावईबापूंना डॉक्टरांनी तेलकट खाणे बंद केले. त्यांचे वजन घटले, तसा उत्साह वाढला. चरबी हे सगळ्या रोगांचे मूळ आहे, असे ते भेटेल त्याला सांगू लागले. एवढ्यावर भागले असते तर मी काही म्हटले नसते. जावई आहे, बोलू द्यावे. परंतु त्यांनी खेकड्यांचेही पथ्य सुरू केले. खाद्यात माशाचे तेल घालणे बंद केले व कोरड्या ठणठणीत गोळ्या आणल्या. मी म्हटले, "अहो, खेकड्याला कुठं पँट घट्ट होतेय?" त्यावर ते म्हणाले, "आई, तुम्ही यात पडू नका." त्यामुळे मी पडले नाही, असे त्यांना वाटले.

गेल्या आठवड्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, खाडीत गोडे पाणी शिरले आणि सगळ्यांच्याच तळ्यांचा खारेपणा निम्म्याखाली आला. खारेपणा असा एकदम उतरला की खेकड्याची सगळी ताकद अंगातले मीठ धरून ठेवण्यात जाते. ती ताकद चरबीतून येते, कल्ले धड राहायलाही चरबीच लागते. त्यात जो कात टाकत असेल त्याचे हाल कुत्रा खात नाही. हे तुम्हाला कसे माहीत, असे हवालदारांनी विचारले. माझ्या मुलीने कॉलेजात खेकड्यांच्या खाद्याचा अभ्यास केला आहे व ती मोठ्याने वाचत असे. लग्न ठरवताना तिने मुलगा ओझरता पाहिला, तळी मात्र फिरून फिरून पाहिली. लग्नानंतर तिच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. मला त्याचे फार वाईट वाटते. हे लिहू नये.

काल सकाळी पहिल्या दोन तळ्यांत खेकडे मरून पडलेले आढळले. तिसऱ्यातले मजेत होते. तिथल्या खाद्याच्या पिंपामागे जावईबापूंना एक बाटली सापडली. ती हुंगून, मी विष घातले अशी तक्रार त्यांनी दिली. बाटली तिसऱ्या तळ्याशी सापडली आणि मेले पहिल्या दोनांतले, ही गोष्ट त्यांना खटकली नाही. पोटात तेलाचा थेंब नसला की माणसाचे असे होते. हे ज्याने केले त्याला पुन्हा तळ्यांकडे फिरकू देणार नाही, मग तो घरचा का असेना, असे ते चारचौघांत म्हणाले. तेव्हा माझ्या मुलीचे तोंड उतरले.

तरी कबूल करते की, बाटलीत माशाचे तेल होते व ते मी तिसऱ्या तळ्यात ओतले. माझ्या मुलीचा यात काही संबंध नाही. मग पाण्यावर तवंग का नाही, असे हवालदारांनी विचारले. तर ओतले नाही, खाद्याच्या गोळ्यांना चोळले व सावलीत सुकवले. आधीचे वाक्य खोडता येत नाही असे समजले. किती चोळले असे विचारता, अंदाजाने. बाटलीवर मापाच्या खुणा कोणी केल्या ते सांगता येत नाही. तिसरेच तळे का, तर ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी आहे. म्हणजे माझ्या घरापासून ते सर्वांत लांब आहे, पण मला चालण्याची आवड आहे. माझे गुडघे गेले आहेत हे जावईबापूंनी उगाच सांगितले. माझ्या मुलीचा यात काही संबंध नाही.

इतका मजकूर झाल्यावर मुलगी बाहेरच्या बाकावरून उठून आत आली व मला म्हणाली, "आई, माझं श्रेय का लाटतेस?" मग हवालदारांना म्हणाली, "लिहा. तेल मी लावलं. यांची दोन तळी गेली, माझं एक जगलं." जावईबापू उकडलेल्या भाज्यांचा डबा धरून दारात उभे होते. मला वाटले, संपले, हिचे आता तळ्यावर जाणे बंद.  

पण जावईबापू तिला म्हणाले, "त्या दोन तळ्यांतही काहींना अजून धुगधुगी आहे. त्यांना किती लावायचं?"

"तळी माझ्याकडे द्या, मग सांगते."

"आणि स्वयंपाक?"

"नुसतं उकडायचं तर असतं. तुम्ही उकडा."

जावईबापू बाकावर बसले व तक्रार मागे कशी घेतात ते हवालदारांना विचारू लागले.

तरी शेवटी एवढे लिहून घ्यावे की, तेल माझ्या मुलीने लावले. बाटली तिची, माप तिचे आणि जगलेले खेकडेही तिचेच. वरील जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरवला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तेल मी घातले एवढे मात्र साफ खोटे आहे.