तीन इंचांनी लांब धनुष्य

हॅलो?

…हॅलो, कोण? मोठ्यानं बोल जरा, दुकानात आहे मी. मागे कोणीतरी बाण मारून बघतंय.

…टाउनो! वा. आठ महिन्यांनी सख्ख्या भावाचा फोन. कोण गेलं?

…कोणी नाही? मग कशाला केलास?

…हो, कांगासच्याच दुकानात. बरागाला. तुला कोणी सांगितलं? …अच्छा, कांगासच्या बायकोनं तुझ्या बायकोला, आणि मार्लीननं तुला. एकीच्याही तोंडात तीळ भिजत नाही.

…हो. खरं आहे. बाबांचं धनुष्य इथे काउंटरवर आहे आणि शेजारी नवं. जुनं देतेय, नवं घेतेय.

…ओरडू नकोस. …ओरडू नकोस म्हणते ना! कांगासला काउंटरपलीकडे ऐकू येतंय.

…कोणाला म्हणजे? शिकागोचा एक दातांचा डॉक्टर आहे. सुट्टीतल्या घरात भिंतीवर टांगायला जुनी धनुष्यं शोधत असतो. …हो, भिंतीवर! तिथून निदान कोणाला जखमी तरी करणार नाही ते.

…लाज? मला लाज? तू मला लाज शिकवतोस?

…हो, हो, माहीत आहे. अकरा हरणं पाडली त्यांनी त्या धनुष्यानं. तोंडपाठ आहे मला. अरे, पण बाबांचे हात वल्ह्यासारखे होते! माझे आहेत का? नऊ वर्षं झाली मी ते ओढतेय. दोरी माझ्या ओठांच्या कोपऱ्याशी यायला हवी, ती जाते पार कानामागे. सोडली की डाव्या हाताला सटकन बसते. जुलैत लांब बाह्या घालून फिरते मी. बँकेतल्या बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. नवरा बिचारा माशीसुद्धा मारत नाही माझा.

…नाही रे, उभं राहायची पद्धत नाही चुकत. ऐक ना. …अरे ऐक ना! आज कांगासनं मला भिंतीला टेकून उभं केलं, हात पसरून, आणि टेप लावली. त्यावरून दोरी ओढायचं माझं माप निघालं सव्वीस इंच. बाबांचं धनुष्य एकोणतीसचं. तीन इंच, टाउनो. नऊ वर्षं मला वाटत होतं मीच नालायक आहे. आणि तुम्ही सगळे मान डोलवत होतात.

…असंच बाबांनीपण केलं होतं एकदा, माहितीये? त्यांची शेवटची पानगळ. सौनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या भिंतीला उभं केलं मला, म्हणाले हात पसर. पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. अजून आहेत तिथे. मला वाटलं वाढदिवसाला कोट करवून घेतायत. चेष्टा केली मी, म्हटलं बाबा, खांद्यात जरा सैल ठेवा. जानेवारीत ते गेले. कोट काही आला नाही.

…नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

…आता तू काढलासच विषय, तर काढू. ती हरणी. हो, गेल्या ऑक्टोबरची. बाण एक वीत मागे लागला तिला, पोटात. शेवाळावर गुडघे टेकून एकेक थेंब शोधत गेले मी, पार सीडरच्या दलदलीपर्यंत. मग थेंब संपले. दोन दिवस मी त्या चिखलात होते, आणि तू कॅम्पवर पत्ते खेळत होतास! तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवली मला ती. झोपले नव्हते मी आठवडाभर.

…नाही, तू आला नाहीस. तू काय केलंस सांगू? जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर म्हणालास, हेल्मीनं आता घरी बसून खिम्याच्या पास्ट्या भाजाव्यात, तिचं मचाण मार्लीनच्या भावाला देऊ. आणि दिलंस! ओढ्याकाठचं, ओकखालचं. बाबांनी मला बांधून दिलेलं मचाण तू तुझ्या मेव्हण्याला दिलंस.

…गंमत? हसलं कोण रे? कोण हसलं? एक माणूस सांग.

…म्हणून तर नवं घेतेय! परवा शिकारीचा सीझन उघडतोय. एक तर मापाचं धनुष्य घेऊन मी माझ्या मचाणावर बसेन, नाहीतर परत जंगलात पाय ठेवणार नाही. त्या एकोणतीस इंचांनी पुन्हा एका जिवाचे हाल करणार नाही मी. बाबांचं असलं तरी. …हो, बाबांचं असलं तरी.

…थांब. कांगास, दोन मिनिटं हो. माझा भाऊ आहे. …हो, तोच.

…बोल. …ओढायचं माप कमी करून घे? तुला काय वाटतं, मला सुचलं नसेल? या धनुष्याच्या दोन टोकांना चाकं आहेत, त्यांवर दोन चकत्या असतात, त्या बदलल्या की माप कमी होतं. कांगासनं उन्हाळाभर शोधल्या. कंपनी कधीच बंद पडली. कुठेही मिळत नाहीत.

…काय?

…परत बोल. मिळायची गरज नाही म्हणजे? …आहेत म्हणजे?

…कुठे आहेत?

…कांगास, त्यांना म्हणावं मागे बाण मारायचं थांबवा जरा. कृपा करून.

…कुठे आहेत, टाउनो?

…बाबांच्या गळांच्या पेटीत. तू नेलेल्या. बाबांना पुरून आलो त्याच संध्याकाळी तू नेलीस ती पेटी.

…काय वाटलं तुला? …"हेल्मी विचारेल"? मी काय विचारणार होते? दादा, तुझ्याकडे माझ्यासाठी काही लपवून ठेवलंय का, असं?

…पाकिटात? कसलं पाकीट? …जा. जा, घेऊन ये. नाही, फोन ठेवू नकोस. फोन हातात घेऊन जा शेडमध्ये. मी आहे इथेच.

…कांगास, ते पाणी जरा द्या इकडे. …नाही, ठीक आहे मी. त्या डॉक्टरला सांगा, धनुष्य विकायचं नाही. …हो, पक्कं. …नवंही नको. रागावू नका हो. संध्याकाळी चकत्या बसवायला दुकान उघडं ठेवाल? हॉटनला, भावाकडे जाऊन येते. दीड तास.

…हां. मिळालं? काय लिहिलंय वर?

…वाच ना. वाचता येतं ना तुला?

…परत वाच.

…"हेल्मीला. सव्वीस."

…त्यांचं अक्षर आहे? …सहा उलटा काढायचे ते, हो. तसाच. …नाही, काही नाही. कोट नव्हता तो. नऊ वर्षं मला वाटायचं, माझा कोट विसरले ते.

…नाही, तू आता बोलू नकोस. मी बोलते. तू काय वाट बघत होतास ते सांगू? हेल्मीच्या हाताला वळ पडतील, बाण चुकतील, कंटाळून सोडेल, आणि धनुष्य आपोआप तुझ्या खुंटीला येईल. बरोबर ना? …बरोबर ना, टाउनो?

…हो की नाही, एवढंच सांग.

…बरं. निदान तेवढं तरी खरं बोललास.

…आणि आज तोंड उघडलंस, तेही माझ्यासाठी नाही. शिकागोच्या माणसाच्या भिंतीवर जाईल म्हणून. तो डॉक्टर नसता, तर तू मेल्यावरच सापडलं असतं मला ते पाकीट. ती हरणी तुझ्या खात्यावर, ऐकलंस? अर्धी माझ्या आणि अर्धी तुझ्या. मी माझी अर्धी वर्षभर वाहिली. आता तुझी तू वाहा.

…माफी नंतर. कधीतरी. आज नको.

…आता ऐक. मी निघालेय. परवा ओकखाली मी बसणार. तुझ्या मेव्हण्याला सांग, पास्ट्या भाजायला शीक म्हणावं. कांदा कमी घाल म्हणावं.

…हो, तूच सांगायचं. मार्लीननं नाही.

…काय? …नाही. मार्लीननं पाव केलाय ते ठीक आहे, वेलदोड्याचा असला तरी. आत येणार नाही मी. इंजिन चालूच ठेवणार आहे. तू पाकीट घेऊन फाटकाशी ये. टोपी घालून ये, वारा आहे.

…नको.

…हो, बरोबर ऐकलंस. कॉफी नको म्हणाले.

…आपल्या आईनं कर वसूल करायला आलेल्या माणसालाही कॉफी पाजली होती, आणि तोही प्यायला होता. माहितीये मला. आयुष्यात कोणाच्या दारात कॉफीला नाही म्हटलं नाही मी. तुझ्या दारात म्हणतेय.

…फाटकाशी. पाऊण तासात. ठेवते.