शांत तारा

हृदयाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

“तुझा तो बुटका लाल तारा काय म्हणतो?”

“गोची झाली, बाबा. साध्या प्रकाशात अगदी गरीब गाय. अतिनील दुर्बिणीतून बघितलं, तर मध्येच भडकून उठतो. आलेखातली ती टोकं मी यंत्राचा बिघाड समजून पुसत बसले.”

“म्हणजे खरं होतं तेच पुसलंस?”

“हो ना! वर लिहूनही टाकलं, तारा शांत आहे.”

“धन्य आहेस.”

“तुमचं सांगा. छातीवरचं ते ठोके नोंदवणारं यंत्र दिवसभर ठेवलंत ना?”

“ठेवलं की. जिन्यात कळ आली, तेवढ्यापुरत्या वायरी काढल्या.”

“काढल्या? का?”

“म्हटलं, उगाच रिपोर्ट खराब यायला नको.”