तिसरा प्रश्न

सविता : उज्वलाताई, आधी तो फोन पिशवीत टाका. इथे शूटिंग नको.

उज्वला : अगं, दोन मिनिटं. पुढच्या तुकडीतल्या शिक्षकांना दाखवायचंय. वर्गाबाहेरचा पाठ घ्यावा तर सवितासारखा, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय.

सविता : त्याच पाठापासून माझी आशा शाळेत येत नाहीये. तिच्या आईला शोधत आलेय मी. अहो, तुम्हीच भिमाबाई ना?

भिमाबाई : हां. बोला बाई, पण माझा हात थांबायचा नाय. मुकादम बघतो. घडातले जादाचे मणी आजच काढायचे हायेत.

सविता : चालू दे तुमचं. त्या दिवशी मी मुलांना घेऊन याच द्राक्षबागेत आले होते, मजुरांच्या मुलाखती घ्यायला. तुम्ही आशाच्या आई, हे माहीत असतं तर...

भिमाबाई : कसं असंल? शाळेत नाव घालाया तिचा बाप आलता. अन् आमची रोज येगळी बाग. कुठं जायाचं ते मलाच सकाळी कळतं.

उज्वला : पण तिने तरी सांगायचं! किती छान झालं असतं, सगळ्या वर्गासमोर आईच...

भिमाबाई : ह्या कोण?

सविता : आम्हा शिक्षकांना शिकवतात. मुलांना चार भिंतींच्या बाहेर कसं न्यायचं ते.

भिमाबाई : आमची बाहेरच असत्यात.

सविता : त्या दिवशी काय झालं, भिमाबाई?

भिमाबाई : तिघी आल्या माझ्याकडं. एकीनं नाव इचारलं. सांगितलं. दुसरीनं गाव इचारलं. पेठकडचं, म्हनलं. मग आशाची पाळी. वाटलं, आता हसंल. तर वर बघितलंच नाय तिनं. कागदात डोकं घालून, परक्या बाईला इचारावं तसं इचारलं. तुम्हाला मुलं किती?

सविता : मग?

भिमाबाई : माझे हात हे असे, औषधानं काळे. डोक्याला फाटकं फडकं. म्हनलं, मैतरणींम्होरं लाजती पोर. सुटू दे तिला. म्हनलं, मला नाय मुलं.

(कात्रीचा आवाज थांबतो.)

सविता : लाज नव्हती हो ती! खाली बघून वाचायला मीच सांगितलं होतं. प्रश्न चुकू नये म्हणून घोकून घेतलं होतं. ताई येणार होत्या ना पाठ बघायला.

उज्वला : प्रश्नही माझेच होते. नमुना म्हणून दिलेले.

भिमाबाई : सांजच्याला खोपीवर बोलंना. मग म्हनली, तू मला नाय म्हनलीस. म्हनलं, तुझ्यासाठीच गं. नाय पटलं तिला. सकाळी मावशीसंगं जीपमधी बसली, गेली पेठला.

सविता : आणि मी काय केलं माहितीये? शाळेत परतल्यावर तिला उभं करून ते उत्तर मोठ्याने वाचून घेतलं. आवाज खोल गेला होता तिचा. मला वाटलं, भित्री आहे. म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

उज्वला : मीही वाजवल्या.

भिमाबाई : तुम्हाला किती, बाई?

सविता : एक. दीड वर्षाची आहे.

भिमाबाई : कुणी इचारलं तर?

सविता : लगेच सांगते. नाही विचारलं तरी फोटो दाखवते.

भिमाबाई : हां. तसंच असतंय.

सविता : रविवारी चला माझ्याबरोबर. आणू तिला.

भिमाबाई : घड थांबत न्हाईत, बाई. एक दिस सुटले तर मुकादम माझ्या जागी दुसरी उभी करंल.

सविता : मग मी जाते. माझ्याबरोबर येईल ती?

भिमाबाई : काय सांगावं. माझ्यावानी हट्टी हाय.

उज्वला : माझी गाडी आहे, सविता. फोन नाही काढणार.

सविता : तुमचा काय निरोप देऊ तिला?

भिमाबाई : निरोप कसला. त्यो कागद घिऊन जा. तिसरा सवाल परत इचारू नका, उत्तर तेवढं खोडाया लावा. दोन लिव म्हनावं. धाकला एक, अन् त्याच्या आधी आशा.